पहिल्या वर्षाची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकालांचे दिवस आले की वृत्तपत्रांत दोन प्रकारच्या बातम्या शेजारी शेजारी वाचायला मिळतात. कुशल कामगार मिळत नाहीत, अशी कारखानदारांची तक्रार असते. आणि शिकलेल्या मुलांना काम मिळत नाही, हेही त्याच पानावर असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, असे अनेकांना वाटत असेल. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआयमध्ये) फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा शिक्षक, म्हणून मी २९ वर्षे काम केले आणि आता निवृत्त आहे. एवढ्या वर्षांत मला जे दिसले त्यावरून सांगतो, की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण शिक्षण संपल्यानंतरचे पहिले वर्ष कोणाच्याच जबाबदारीचे राहिलेले नाही. निकाल लागला की संस्थेचा संबंध संपतो. कारखाना अनुभव असलेला माणूस मागतो. या दोहोंमधले वर्ष मुलगा एकट्याने काढतो, आणि पुष्कळदा त्या वर्षाचा कागदावर मागमूसही राहत नाही.

एक प्रसंग सांगतो. भुदरगड तालुक्यातला माझा एक विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी घरी आला होता. दोन वर्षांचा फिटर ट्रेड तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला होता. कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत त्याने दहा महिने काम केले, मग कारखान्याने कंत्राटदार बदलला आणि जुन्या कंत्राटदाराच्या यादीतली सगळी मुले घरी गेली. दुसरीकडे मुलाखतीला जाण्यापूर्वी सल्ला विचारावा म्हणून तो आला होता. त्याने फाईल उघडून माझ्यासमोर एकेक कागद मांडला. दहावीचे गुणपत्रक होते, ट्रेडचे राष्ट्रीय प्रमाणपत्र होते, आधार कार्ड होते. शेवटी त्याने खिशातून एक मळलेला, कडा फाटलेला गेटपास काढला. त्यावर त्याचा फोटो होता, मुदत संपल्याची तारीख होती आणि पदाच्या जागी ‘हेल्पर’ असे लिहिले होते. व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या धातू कापण्याच्या मशीनवर दहा महिने तिन्ही पाळ्यांत उभे राहून केलेल्या कामाचा पुरावा म्हणून त्याच्याकडे एवढेच होते. नेमणूकपत्र नव्हते, अनुभवाचा दाखला नव्हता. पुढच्या गेटवर ‘अनुभव किती?’ असे विचारले की त्याचे उत्तर पुन्हा शून्यच येणार होते.

मी त्याला विचारले, दहा महिन्यांत काय शिकलास? तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘सर, जॉब फिक्श्चरमध्ये लावायचा, क्लॅम्प आवळायचा, बटण दाबायचे, झाला की काढून क्रेटमध्ये ठेवायचा.’ जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, आणि फिक्श्चर म्हणजे तो पकडून ठेवणारा साचा. टूल बदलायला आणि ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, घालायला मशीन जुळवणारा सेटर यायचा, मोजमाप तपासणी विभागाकडे असायचे. मी कपाटातला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, काढून त्याच्या हातात दिला. माझ्या वर्कशॉपमध्ये याच मुलाने कानशीने घासून दोन तुकडे असे बसवले होते, की उजेडापुढे धरल्यावर मधून फट दिसत नव्हती. त्याच हातांना आता व्हर्नियरचे वाचन पटकन जमेना. दोनदा चुकून तिसऱ्यांदा त्याने बरोबर सांगितले, पण तोवर त्याचा चेहरा उतरला होता. मलाही त्या दिवशी जेवण गोड लागले नाही. दोन वर्षे शासनाने त्याच्यावर खर्च केला, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवले, आणि कामावरच्या पहिल्या दहा महिन्यांत असलेली विद्यासुद्धा गंजली.

यात सगळा दोष कारखानदारांच्या माथी मारणे मला पटत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या वसाहतींतल्या लहान मशीनशॉपच्या मालकांशी माझा रोजचा संबंध होता. फाउंड्रीतून आलेले कास्टिंग बिघडले तर त्याची किंमत त्यांना स्वतः सोसावी लागते. जॉबचे दर मोठ्या गिऱ्हाइकाने ठरवलेले असतात, एकच सेटर पाच-सहा मशीन सांभाळत असतो, आणि नव्या मुलाला शिकवायला त्याला मोकळे केले तर त्या दिवसाचे उत्पादन मागे राहते. शिवाय शिकवून तयार केलेला मुलगा हजार-दीड हजार जास्त मिळतात म्हणून शेजारच्या शेडमध्ये जाईल, ही भीती असते, आणि ती खोटी नाही. म्हणूनच शिकवण्याचे हे काम एकेका मालकाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही. त्यासाठी नियम हवा, आणि नियम पाळणाऱ्याला आधारही हवा.

नियम आपल्याकडे नाही असे नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ सालचा आहे. त्यात उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार करावा लागतो, दरमहा विद्यावेतन द्यावे लागते, प्रशिक्षणाचा आराखडा ठरलेला असतो. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. आयटीआय उत्तीर्ण मुलाने ठरलेली मुदत पूर्ण करून परीक्षा दिली, की त्याला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. माझ्या त्या विद्यार्थ्याला गेटपासऐवजी हाच कागद मिळायला हवा होता. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले आणि पात्रतेप्रमाणे किमान विद्यावेतन ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र शासन उचलते. म्हणजे लहान मालकाला थोडा आधार देण्याची सोयही आहे.

मग अडते कुठे? पहिली अडचण दंडाची आहे. २०१४ च्या दुरुस्तीने या कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली, ते योग्यच झाले. पण उमेदवार कमी घेतल्याबद्दल दंड ठेवला तो पहिल्या तीन महिन्यांसाठी एका उमेदवारामागे महिना ५०० रुपये आणि त्यानंतर महिना १,००० रुपये. आयटीआय झालेल्या उमेदवाराचे किमान विद्यावेतन २०१९ मध्ये ७,००० रुपये ठरले. नियम पाळण्यापेक्षा मोडणे इतके स्वस्त असेल, तर पाळणारा केवळ आपल्या सचोटीपायी पाळतो. असे सचोटीचे मालक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांच्यावर सगळा भार टाकणे न्याय्य नाही.

दुसरी अडचण मला त्याहून गंभीर वाटते. जिथे शिकाऊ उमेदवार घेतले जातात तिथेही पुष्कळ ठिकाणी त्यांना थेट उत्पादनाला लावले जाते. आराखड्यात सहा प्रकारची कामे लिहिलेली असतात, मुलगा वर्षभर एकच काम करतो, आणि मुदत संपताना रोजनिशी एका बैठकीत भरली जाते. मार्च महिन्यात एकाच शाईने, एकाच हाताने भरलेल्या बारा महिन्यांच्या रोजनिश्या माझ्या डोळ्यांखालून गेल्या आहेत. तपासणीला येणारा अधिकारी उमेदवारांची संख्या मोजतो. त्याने मुलाला मशीनजवळ नेऊन ‘हा बोअर (आतले भोक) मोजून दाखव’ असे म्हटल्याचे मी क्वचितच पाहिले. अधिकाऱ्यांकडे माणसे कमी आणि कारखाने जास्त, हे मला ठाऊक आहे; तरीही वर्षातून एकदा असे झाले, तरी कारखान्यात मुलाला शिकवायला कोणीतरी आपसूक नेमला जाईल.

शिकवणारा माणूस नेमला गेला तर काय होते, तेही सांगायला हवे. माझी एक विद्यार्थिनी, गडहिंग्लजकडची, एका मध्यम कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागली. तिथल्या जुन्या मिस्त्रींकडे तिला सोपवले होते. त्यांनी पहिला आठवडाभर तिला मशीनला हात लावू दिला नाही. नुसते शेजारी उभे केले आणि इन्सर्ट, म्हणजे कापणारे पाते, झिजत आला की कापण्याचा आवाज कसा बदलतो, ते ऐकायला सांगितले. रोज संध्याकाळी बिघडलेले दोन जॉब टेबलावर ठेवून ते विचारायचे, हा का गेला? उत्तर आले नाही तर रागवायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी तोच जॉब पुन्हा समोर ठेवायचे. वर्षाच्या शेवटी ती स्वतः सेटिंग करू लागली. आज ती चाकणला गुणवत्ता तपासणीत आहे. तिने मला दाखवलेली रोजनिशी तेलाच्या डागांनी भरलेली होती, आणि प्रत्येक पानावर मिस्त्रींची सही होती, तीही वेगवेगळ्या पेनांनी. मुलींच्या बाबतीत राहण्याची सुरक्षित जागा आणि कामाची पाळी सुटल्यावर मिळणारी एसटी या दोन गोष्टी नसतील तर बाकीचे सगळे व्यर्थ जाते. तिला कारखान्याजवळ मावशीचे घर होते म्हणून ते वर्ष पुरे झाले.

हा प्रश्न फक्त आयटीआयचा नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही शिकाऊ उमेदवारी करता येते. पण मी ज्या ज्या महाविद्यालयांत व्याख्यानाला गेलो, तिथे हे ठाऊक असलेली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवी अभ्यासक्रमात चार श्रेयांकांचे (क्रेडिटचे) प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आले आहे. कल्पना उत्तम आहे. मात्र चार श्रेयांक म्हणजे १२० तास, म्हणजे रोज आठ तासांचे पंधरा दिवस. एवढ्यात ओळख होते, कौशल्य येत नाही. तालुक्याच्या गावी एकाच वर्गातल्या साठ-सत्तर मुलांना घेणारी कार्यालये नसतात, म्हणून ओळखीच्या दुकानदाराचा किंवा पतसंस्थेचा शिक्का आणून काम भागवले जाते. प्राध्यापकांना त्यासाठी वेगळा वेळ दिलेला नसतो, त्यांना तरी किती बोल लावायचा?

राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले होते. मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे अकरा महिने केली. माझ्या भाचीने या योजनेत एका कार्यालयात काम केले. दाखल्यांच्या ऑनलाइन नोंदी, जुन्या रजिस्टरांची तपासणी, गर्दीच्या दिवशी लोकांना अर्ज भरून देणे, हे सगळे ती मन लावून करत होती, आणि गावातले लोक तिचे नाव घेऊन चौकशी करत येत. मुदत संपली त्या दिवशी तिला काय येते हे सांगणारा कागद तिच्याकडे नव्हता. अमुक काळ प्रशिक्षण घेतले, एवढेच लिहिलेले होते. आम्हाला कायम करा, अशी मागणी या मुलांनी केली तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. मला ती मागणी समजू शकते. जे शिकलो ते बाहेर कुठे चालेल असा भरवसा नसेल, तर माणूस आहे ती जागा धरून बसणार.

स्पर्धा परीक्षांकडे जाणाऱ्या मुलांविषयीही मला हेच वाटते. अभ्यासिकेत पाच-सात वर्षे काढणाऱ्या मुलांना लोक हट्टी म्हणतात. पण त्यांच्या बाजूने पाहा. परीक्षेची जाहिरात निघते, अभ्यासक्रम छापलेला असतो, गुणवत्ता यादीत स्वतःचे नाव शोधता येते. खासगी क्षेत्रातल्या पहिल्या नोकरीत कोणाला कशासाठी घेतले, काय शिकवणार, वर्षानंतर काय होणार, यातले काहीच लिहिलेले नसते. जिथे नियम दिसतात तिकडे मुले जातात. पहिल्या नोकरीलाही असे लेखी रूप मिळाले, तर यातली पुष्कळ मुले पंचविशीच्या आतच दुसरी वाट धरतील, असा माझा अनुभवाचा अंदाज आहे.

माझे म्हणणे असे, की निकाल लागल्यावरही निदान एक वर्ष विद्यार्थी संस्थेच्या पटावर राहावा. तो कुठे आहे, कोणाच्या हाताखाली आहे, काय शिकतो आहे, याची चौकशी करण्याचे काम एका शिक्षकाकडे रीतसर सोपवावे आणि ते त्याच्या कार्यभारात धरावे. कंत्राटदारामार्फत लागलेल्या मुलालाही त्याने प्रत्यक्ष कोणत्या मशीनवर, किती महिने, काय काम केले याचा दाखला मूळ कारखान्याने द्यावा. कंत्राटदार बदलला म्हणून मुलाचे वर्ष बुडू नये. याला मोठा निधी लागत नाही. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या कार्यालयात थोडी अधिक माणसे आणि संस्थेत एका शिक्षकाचे आठवड्याचे काही तास एवढेच लागेल.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. प्रवेशाच्या दिवसांत कोणत्या संस्थेत किती जागा आणि कोणत्या ट्रेडला किती मागणी, हे आपण दरवर्षी सविस्तर छापता आणि पालक ते कात्रण जपून ठेवतात. यंदा त्याच्या शेजारी आणखी एक तक्ता छापावा: आपल्या जिल्ह्यात शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असलेल्या आस्थापना किती, त्यांपैकी किती जणांनी उमेदवार घेतले, आणि घेतलेल्यांपैकी किती मुलामुलींनी मुदत पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवले. ही माहिती शासनाच्या कार्यालयातून मागवता येते. ती दरवर्षी छापली जाऊ लागली, तर फाईल घेऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलांना कोणत्या गेटवर आधी जावे, हे मला निश्चित सांगता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, कोल्हापूर