आधी ती भिंत सरकव

प्रिय मित्रा,

तुझ्या घरगुती चित्रपटगृहाचा नकाशा मिळाला. तळघरात सोळा बाय सोळाची खोली, उंची आठ फूट, दोन रांगांत आठ खुर्च्या, मागची रांग चौथऱ्यावर, आणि खाली सामानाची लांबलचक यादी. यादी वाचली, पण तिच्याबद्दल शेवटी लिहितो. आधी त्या नव्या भिंतीबद्दल बोलू. ती अजून कागदावरच आहे, तोवर ती सरकवायला खोडरबर पुरेल.

चौरस खोली दिसायला नीट दिसते, पण खर्जाची, म्हणजे खालच्या जाड सुरांची, पार वाट लावते. आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट धावतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी बरोबर बसते, ती लहर तिथे ठाण मांडून बसते आणि तेवढाच सूर फुगवते. सोळा फुटांना हा सूर ३५ हर्ट्झचा. तुझी लांबी सोळा, रुंदीही सोळा, म्हणजे ३५ वर दोन लहरी एकावर एक. त्यात उंची आठ, नेमकी निम्मी. तिची पहिली लहर ७० हर्ट्झवर येते, आणि लांबी-रुंदीच्या दुसऱ्या लहरीही ७० वरच. तिघी एकाच जागी. मग पडद्यावर स्फोट होवो, ढोल वाजो की ट्रक जावो, सगळ्यातून एकच 'भुंऽम' ऐकू येणार. स्पीकर कितीही महाग घेतलास तरी तो 'भुंऽम' जाणार नाही, कारण तो खोलीचा आहे.

आता तीच भिंत लांब सरकवून, आणि बाजूची तीन फूट आत घेऊन, खोली वीस बाय तेरा कर. क्षेत्रफळ २५६ चौरस फुटांऐवजी २६० होतं, उंची तीच. सूर मात्र २८, ४३, ५६, ७०, मग ८४ नि ८७, असे पसरतात. फुगवटे राहतीलच, ते कुठल्याही खोलीत असतात. पण एकाच जागी गर्दी करणार नाहीत. फक्त हे माप काम पुरं झाल्यावरचं, आतून धरायचं. आतल्या भिंती आणि खोटं छत काही इंच खातात, ते आत्ताच हिशेबात घे.

भिंतीच्याही आधी ओल. तू लिहिलंस की तळघर कोरडं आहे. कोरडं दिसतं, असं म्हण. दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा चौकोन फरशीवर ठेव, चारही कडा चिकटपट्टीने बंद कर आणि एक-दोन दिवस हात लावू नकोस. असाच एक तुकडा बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर लाव. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले, तर ओल काँक्रीटमधून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले, तर खोलीतली हवाच दमट आहे आणि तिच्यातली वाफ गार पृष्ठभागावर थेंब होऊन बसतेय. दोन्हींचे इलाज वेगळे. पहिल्यात पाणी भिंतीपर्यंत पोचण्याआधीच अडवावं लागतं, म्हणजे बाहेरचे उतार, गटारं, निचरा बघायचा. दुसऱ्यात भिंतीला उष्णतारोधक थर आणि हवा कोरडी करणारं यंत्र. हे जोराच्या पावसाच्या दिवसांत करून बघ, आणि लाकडी सांगाडा काँक्रीटला थेट टेकवू देऊ नकोस. आतून कापड ताणल्यावर मागे बुरशी वाढत असली, तर नाकालाच कळेल, आणि तोवर उशीर झालेला असेल.

आता काकूंबद्दल. त्यांची खोली नेमकी वर आहे, हे तू दोन शब्दांत उरकलंस. माझ्या मते तुझ्या सगळ्या खर्चाचा गाभा तिथे आहे. चित्रपटगृहांच्या संदर्भपातळीवर, म्हणजे तिथल्या ठरलेल्या आवाजात, ऐकायचं तर मुख्य चॅनेलचा कमाल आवाज बसल्या जागी १०५ डेसिबलपर्यंत जातो, आणि खर्जाच्या वेगळ्या चॅनेलचा ११५ पर्यंत. तळघराच्या भिंतींमागे माती आहे, त्यांची फार काळजी नको. छत हा कच्चा दुवा.

भिंतीवर फोमचे कोनेदार तुकडे चिकटवले की आवाज बाहेर जात नाही, हा समज मात्र सोडून दे. फोम खोलीतला थोडा प्रतिध्वनी कमी करतो, तोही वरच्या सुरांचा. आवाज अडवत नाही. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. एकच जिना असलेल्या तळघरात तो मी फुकट दिला तरी लावणार नाही. कापड घेशील तेही आगरोधक घे, धुराचा अलार्म बसव, आणि बाहेर पडायची दुसरी वाट करता येते का ते बघ.

आवाज अडवायला वजन लागतं, आणि ते वजन बाकीच्या घरापासून सुटं असावं लागतं. वरच्या मजल्याला रबरी क्लिपा, क्लिपांना लोखंडी चॅनेल, चॅनेलला जिप्सम बोर्डाचे दोन थर, त्या दोन थरांमध्ये कंपनं जिरवणारं कंपाउंड, आणि वरच्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. प्रत्येक भागाचं काम वेगळं आहे. नुसतं वजन दुप्पट केलं तर हिशेबाने सहा डेसिबल मिळतात, पुढच्या सहासाठी पुन्हा दुप्पट. म्हणून केवळ जाड करत जाणं परवडत नाही, सुटं करावं लागतं. सुताराला एक गोष्ट बजावून सांग: एक लांब स्क्रू जरी चॅनेल भेदून वरच्या तुळईत गेला, तरी आवाजाला पूल मिळतो. खर्ज मात्र थोडा जाईलच. तो पूर्ण थांबवेन असं सांगणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नकोस.

फटींचा हिशेब तर अजून निष्ठुर आहे. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी राहिली, तर ती भिंत, मग ती कशाचीही असो, जास्तीत जास्त वीस डेसिबल अडवते. बुडाला भोक असलेल्या बादलीचा पत्रा किती जाड आहे, हे कोण विचारतं? म्हणून दार भरीव, चारही बाजूंना रबरी सील, खाली दार लागताना उतरणारी पट्टी. विजेच्या बॉक्सांच्या कडा न वाळणाऱ्या सीलंटने भर. छतात स्पीकर बसवायला भोकं पाडायची असं तू लिहिलंयस. इतकं करून बांधलेल्या छताला पुन्हा भोकं? ते स्पीकर छताच्या खाली, बाहेरून लाव. बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साडेतीन फुटांवर, छत आठवर. डोक्यावरचे स्पीकर साधारण ४५ अंशांत हवेत, म्हणजे खुर्चीच्या साडेचार फूट पुढे एक जोडी आणि साडेचार फूट मागे दुसरी.

हे सगळं फक्त काकूंच्या झोपेसाठी आहे असं समजू नकोस. आवाज जसा बाहेर जात नाही तसा आतही येत नाही. खोलीतला मागचा गोंगाट दहा डेसिबलने उतरला, तर पडद्यावरची कुजबुज ऐकायला आवाज दहा डेसिबल कमी ठेवला तरी चालतो. उलट गोंगाट तसाच ठेवून आवाज दहा डेसिबल चढवायचा, तर ॲम्प्लिफायरला दहापट ताकद लागते. तुझ्या यादीतला तो भलामोठा ॲम्प्लिफायर मी याच हिशेबाने खोडला आहे.

पण इतकी बंद खोली केलीस की हवेचा प्रश्न उभा राहतो, आणि नकाशात हवेसाठी काहीच नाही. बसलेला माणूस शंभरेक वॅट उष्णता सोडतो. सहा माणसं, प्रोजेक्टर आणि ॲम्प्लिफायर मिळून किलोवॅटच्या आसपास जातं, म्हणजे एक छोटा हीटर लावूनच तुम्ही बसणार. भिंतीवरचा एसी तीच हवा गार करून परत देतो, ताजी आणत नाही. तासाभरात डोकी जड होतात आणि लोक चित्रपटाला कंटाळवाणा म्हणतात. ताजी हवा आत आणायला आणि शिळी बाहेर काढायला वेगवेगळे डक्ट, म्हणजे हवेची नळकांडी, हवेत. रुंद, आतून अस्तर लावलेले, एक-दोन वळणं घेतलेले, आणि पंखा खोलीपासून लांब. रुंद डक्टमधून हवा हळू वाहते, म्हणून ती ऐकू येत नाही. वहिनींना कोठीसाठी जो कोपरा हवाय, त्याच्या वरून डक्ट नेता येईल. दोघांचंही भागेल.

खुर्च्या. तुला राग येईल, पण मागची रांग काढ. ती मागच्या भिंतीला टेकली आहे, आणि भिंतीजवळ खर्ज सर्वात जास्त फुगतो. शिवाय मागचे स्पीकर तिथे बसणाऱ्यांच्या थेट कानाशी येतात. एक फुटाचा चौथरा केलास तर तिथे उंची सात फूट उरते, त्यातून खोटं छत वजा कर. चार माणसांची तक्रार घेऊन आठ जणांना बसवण्यापेक्षा चौघांना उत्तम बसव. वीस फुटांच्या खोलीत हे छान जमतं: पुढे दोन फुटांवर आवाज आरपार जाऊ देणारा पडदा, त्याच्या मागे तिन्ही पुढचे स्पीकर, पडद्यापासून बारा फुटांवर खुर्च्या, आणि मागे सहा फूट मोकळे. गर्दी झाली तर त्या सहा फुटांत उंच स्टुलं टाक. मधला स्पीकर पडद्यामागे गेला की माणसाचा आवाज माणसाच्या तोंडातून येतो. पडद्याखाली ठेवलेल्या स्पीकरमधून तो छातीतून आल्यासारखा वाटतो, आणि एकदा लक्षात आलं की दर प्रसंगात खटकतो.

पडदा १२० इंची पुरे. सोळास-नऊ प्रमाणात त्याची रुंदी १०५ इंच होते, आणि बारा फुटांवरून तो नजरेचा ४० अंशांचा पट्टा व्यापतो. चित्रपटगृहात पडद्याच्या उजेडाचं ठरलेलं माप १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरून परतणाऱ्या उजेडाचं एकक). तुझ्या पडद्याचं क्षेत्रफळ ४३ चौरस फूट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यावर प्रोजेक्टरचे ६०० ल्युमेनच्या (त्याच्या उजेडाचं एकक) आसपास प्रत्यक्ष पोचले की झालं. एचडीआर चित्रांसाठी (ज्यांत उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असतो) थोडं जास्त धर, जाळीदार पडदा थोडा उजेड खातो तेही धर, तरी ल्युमेनच्या शर्यतीत उतरायचं कारण नाही. खरी किंमत काळ्या रंगाच्या खोलीला आहे. पांढरं छत पडद्याचा उजेड पुन्हा पडद्यावरच फेकतं आणि रात्रीच्या दृश्यांना राखाडी करून टाकतं. छत आणि पडद्याजवळच्या भिंती गडद, मॅट. शक्य तर पडद्याभोवती काळं मखमल. वहिनी नाक मुरडतील. मागच्या अर्ध्या भागाचा रंग त्यांना निवडू दे.

प्रतिध्वनीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की बोललेलं कळेना. रिकाम्या सभागृहात आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत. वॉलेस सेबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. तो रात्री, सगळं सामसूम झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि हातातल्या घड्याळाने मोजायचा, मग गाद्या परत. त्यातून प्रतिध्वनीचं जे सूत्र निघालं ते आजही वापरात आहे. तुझ्या कामाचं त्यातलं एवढंच: गुबगुबीत खुर्च्या, जाड गालिचा आणि माणसं हीसुद्धा आवाज शोषतात. म्हणून सगळ्या भिंती शोषक पॅनेलांनी मढवू नकोस, खोली निर्जीव होते. मित्राला भिंतीला लावून आरसा सरकवायला सांग. खुर्चीतून ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथे चार इंच जाडीचं पॅनेल. बाकी भिंतीवर थोडंच.

खर्ज मात्र चार इंचांना दाद देत नाही. १०० हर्ट्झची लहर सव्वाअकरा फूट लांब असते. तिथे उपाय जागांचा. एका मोठ्या सबवूफरऐवजी (खर्जाचा खास स्पीकर) दोन मध्यम घे, एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर आणि एक मागच्या. ध्वनिसंशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली कितीतरी मांडण्या तपासून दाखवलं होतं की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर बसायच्या सगळ्या जागांवर खर्ज बराच सारखा करतात. मग मायक्रोफोन लावून मोज. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ईक्यूने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करण्याच्या सोयीने, फुगवटे कापता येतात, खड्डे भरता येत नाहीत. खड्ड्यात जेवढी ताकद ओतशील तेवढी खोली गिळते.

आता यादी. स्पीकर अकराऐवजी नऊ कर. प्रोजेक्टर सर्वात शेवटी घे, बांधकाम होईपर्यंत नवे येतात आणि जुने स्वस्त होतात. भिंती बंद करण्याआधी प्रोजेक्टरपर्यंत रुंद कंड्युट (तारा ओढायची नळी) टाक, आत ओढायची दोरी सोडून ठेव, आणि शेजारी एक रिकामा कंड्युट. लांब अंतराला चित्राची एचडीएमआय केबल ऑप्टिकल घे, पण तिला दिशा असते. उलटी ओढलीस तर चित्र येणार नाही. दिव्यांचे डिमर आणि ऑडिओचं सर्किट वेगळं ठेव. प्रत्येक उघड्या भिंतीचा, मोजपट्टी चौकटीत धरून, फोटो काढून ठेव.

आता मला एवढं पाठव: छतातली तुळई किंवा बीम नेमका कुठून जातो, त्याच्या खाली उंची किती उरते, आणि प्लॅस्टिकच्या कुठल्या बाजूला थेंब आले. बीम वीस फुटांच्या मधोमध आडवा येत असेल तर प्रोजेक्टरची जागा बदलेल आणि नकाशा पुन्हा काढावा लागेल. तोवर सुताराला आगाऊ पैसे देऊ नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
जुना दोस्त