एआयचा आकडा झाला, बेडक्याचे काय?

महोदय,

7 डिसेंबर 2024 ला शंभर दिवसांची क्षयरोग मोहीम सुरू झाली. तेव्हापासून ‘एआयने काही सेकंदांत टीबी ओळखला’ अशा बातम्या वरचेवर वाचायला मिळतात. यात एक दुरुस्ती हवी. सॉफ्टवेअर टीबी ओळखत नाही. ते छातीचा एक्स-रे बघून 0 ते 100 मधला (काही कंपन्यांच्या बाबतीत 0 ते 1 मधला) एक आकडा देते. आकडा ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की एवढाच अर्थ निघतो: या माणसाचा बेडका तपासा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली तीही चाळणी म्हणून, आणि फक्त 15 वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या फुप्फुसाच्या क्षयापुरती. पक्के निदान सीबीनॅट किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर, जंतूच्या डीएनएवरून होते.

तरीही ही चाळणी मोलाची आहे, हे आधी मान्य करायला हवे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के रुग्ण एक्स-रे काढला नसता तर हाती लागलेच नसते. नुसते ‘खोकला आहे का, ताप येतो का’ विचारून ते निसटले असते. हातात धरायचा एक्स-रे कॅमेरा पाड्यावर जातो, पण फिल्म वाचणारा रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याच्या गावी असतो. रिपोर्ट येईपर्यंत माणूस ऊसतोडीला निघून गेलेला असतो. सॉफ्टवेअर तिथल्या तिथे, नेटवर्क नसतानाही उत्तर देऊ शकते आणि दोनशेव्या एक्स-रेला कंटाळत नाही.

आता खर्चाकडे येऊ. तो कॅमेऱ्याच्या किमतीत दिसत नाही, पुढच्या टप्प्यावर जाऊन बसतो. त्याच सर्वेक्षणात प्रौढांमधले प्रमाण लाखात 316 निघाले, म्हणजे हजारात साधारण तीन. सॉफ्टवेअर 90 टक्के रुग्ण पकडते आणि 70 टक्के निरोग्यांना बरोबर सोडते असे धरू. चाळणी-चाचणीकडून अपेक्षा एवढीच असते. हजार जणांच्या शिबिरात ते तीन रुग्ण बहुधा सापडतील, पण त्यांच्याबरोबर सुमारे 299 निरोगी माणसेही लाल यादीत, म्हणजे बेडका तपासायच्या यादीत, येतील. चार कप्प्यांचे सीबीनॅट यंत्र एका फेरीला जवळपास दोन तास घेते. आठ तासांत 16 नमुने झाले, तर या एका शिबिराला 19 दिवस लागतील, आणि त्याच यंत्रावर रोजच्या ओपीडीचे नमुनेही असतात. जोखमीच्या गटांत (रुग्णाच्या घरचे लोक, मधुमेही, खाणकामगार) रुग्णांचे प्रमाण जास्त, म्हणून तिथे हे गणित बरेच सुधारते. सरसकट गावजत्रेसारखी शिबिरे भरवण्याऐवजी आधी तिथे जावे ते यासाठीच.

रेषा वर सरकवली की लाल यादी आखडते, पण रुग्णही सुटतात. ती कुठे ठेवायची हे कंपनीने पेटीत भरून पाठवायचे नसते. स्थानिक एक्स-रे आणि त्याच लोकांचे बेडक्याचे निकाल शेजारी ठेवून ती ठरवायची असते. त्यातही एक खाच आहे. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की आकड्यांची पट्टीच बदलू शकते, जुन्या आवृत्तीतले 50 म्हणजे नव्यातले 50 नव्हे. अपडेट रात्री आपोआप झाले आणि रेषा जुनीच राहिली, तर लाल यादी दुप्पट होते किंवा निम्म्यावर येते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

शिबिरात बऱ्याच चुका यंत्रात नव्हे, यंत्रासमोर होतात. क्षय फुप्फुसाच्या वरच्या टोकाला घर करतो, आणि खांद्यावर पुढे आलेली जाड वेणी एक्स-रेत नेमकी तिथेच पांढुरकी सावली टाकते. पदराची पिन, मंगळसूत्र, ताईत, शर्टाची बटणे यांचेही तेच. म्हणून वेणी वर बांधायची, गळ्यातले काढायचे किंवा तोंडात धरायला सांगायचे. छाती प्लेटला टेकवायची, हनुवटी वर, खांदे पुढे झुकवायचे म्हणजे खवाटे फुप्फुसावरून बाजूला सरकतात. मग पूर्ण श्वास घेऊन धरायला लावायचे. श्वास अर्धवट असला तर फुप्फुसाचा तळ गढूळ दिसतो आणि आकडा उगाच चढतो. सॉफ्टवेअरकडे पाठवायला फिल्मचा मोबाइलने फोटो काढणे तर टाळावेच. ट्यूबलाइटचे प्रतिबिंबही त्यात डाग म्हणून उतरते.

यानंतरची पायरी सगळ्यात दुबळी आहे: बेडका. एआयने निवडलेल्या कित्येकांना खोकलाच नसतो. ते डबीत थुंकी देऊन मोकळे होतात, आणि थुंकीत जंतू सापडत नाहीत. चूळ भरून, मोकळ्या हवेत, दोन-तीन खोल श्वास घेऊन खोकून काढलेला 2 ते 5 मिली घट्ट बेडका हवा, शक्यतो सकाळचा. हे समजावायला प्रत्येकी पाचेक मिनिटे लागतात. ती आशाताई देते, सॉफ्टवेअर नाही.

जुना क्षय बरा झालेल्यांच्या फुप्फुसावर वण राहतात, खडी फोडणाऱ्यांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ साठते. सॉफ्टवेअर दोघांनाही वरचा आकडा देऊ शकते. बऱ्या झालेल्यांच्या बेडक्यात मृत जंतूंचा डीएनएही सापडू शकतो, तेव्हा कल्चर (जिवंत जंतू वाढतात का हे पाहणारी चाचणी) लावावे लागते आणि निकालाला सहा आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. ‘पूर्वी टीबीची औषधे घेतली होती का?’ हा प्रश्न एक्स-रेच्या आधी विचारला तर पुढचा बराच घोळ टळतो. नुसत्या आकड्यावर उपचार सुरू करणे तर धोक्याचेच: सहा महिन्यांचा कोर्स, त्यातले पहिले दोन महिने चार औषधे आणि त्यांतल्या तीन औषधांचा यकृतावर भार. निरोगी माणसाला काविळीच्या जोखमीत कशासाठी घालायचे?

उलट बाजूनेही फसगत होते. आकडा खाली आला म्हणजे टीबी नाही, असे नव्हे. एचआयव्ही असलेल्यांचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, मानेच्या गाठींचा क्षय छातीच्या चित्रात येत नाही. लक्षणे असतील तर आकडा काहीही येवो, बेडका तपासलाच पाहिजे.

आरोग्य खात्याकडे मागणी दोन गोष्टींची आहे. प्रत्येक रिपोर्टवर सॉफ्टवेअरची आवृत्ती, ठरवलेली रेषा आणि एक्स-रे डॉक्टरांनी पाहिला की नाही हे छापावे. आणि दर महिन्याला तालुकावार पाच आकडे जाहीर करावेत: किती एक्स-रे काढले, किती जण निवडले गेले, त्यांतल्या किती जणांनी तपासण्याजोगा बेडका दिला, किती जणांना टीबी निघाला, किती जणांवर उपचार सुरू झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातली दरी मोठी असेल, तर नवा कॅमेरा घेण्याआधी ट्रूनॅटच्या चिप्स, डब्या आणि नमुने पोचवणारा माणूस यांवर पैसे खर्च व्हावेत. आपल्या बातमीदारांनीही शिबिराची बातमी देताना पहिल्या आकड्यावर न थांबता उरलेले चार विचारावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नंदुरबार