राखीव डोस उतरवून घ्यायला सही कोणाची?

प्रति,
डॉ. टेड्रोस अधानोम घेब्रेयेसूस,
महासंचालक, जागतिक आरोग्य संघटना, जिनिव्हा

महोदय,
स.न.वि.वि.

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार संमत केला. पुढच्या महासाथीत लशींच्या चालू उत्पादनाचा २० टक्के वाटा आपल्या संघटनेला मिळावा आणि त्यातला किमान निम्मा फुकट असावा, असे उद्दिष्ट त्यात आहे. अभिनंदन. पण डोस राखून ठेवणे कोव्हिडच्या वेळीही जमले होते. ते ताब्यात घेणार कोण, इथे सगळे अडले.

२०२१ मध्ये कोव्हॅक्सने, म्हणजे कोव्हिडची लस जगभर वाटण्याच्या आंतरराष्ट्रीय योजनेने, पाच टक्क्यांपर्यंत डोस मानवतावादी कामासाठी बाजूला ठेवायचे ठरवले. कोणतेच सरकार ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, अशा निर्वासितांसाठी आणि बंडखोरांच्या ताब्यातल्या मुलखासाठी. पहिली खेप पोहोचायला नोव्हेंबर उजाडला; इराणमधल्या अफगाण निर्वासितांसाठी सुमारे १६ लाख डोस. लशीने कोणाला अपाय झाला तर भरपाईचा भार आपल्यावर येऊ नये, असे हमीपत्र कंपन्या मागत होत्या. सरकारे ते लिहून देत. स्वयंसेवी संस्था कुठून देणार? एक मोठा दावा लागला की संस्थेला टाळे. सायनोफार्म, सायनोव्हॅक, क्लोव्हर या चिनी कंपन्यांनी ही अट सोडली. अनेक बड्या पाश्चात्त्य कंपन्यांनी सोडली नाही.

युद्धग्रस्त भागातल्या लसीकरणाची चर्चा निघाली की सगळे शीतसाखळीवर, म्हणजे लस टोचेपर्यंत थंड ठेवण्याच्या सोयीवर बोलतात. पण उणे ६० अंशांखाली ठेवावी लागणारी इबोलाची लस आपल्याच संघटनेने काँगोच्या उत्तर किवू आणि इतुरी प्रांतांमध्ये नेली आणि २०१८ ते २०२० या काळात तीन लाखांहून अधिक लोकांना टोचली. तिथे घात थंडीने केला नाही. १९ एप्रिल २०१९ रोजी बुटेम्बोच्या रुग्णालयावर हल्ला झाला आणि आपले डॉ. रिचर्ड मूझोको मारले गेले. हे आपल्याला मी सांगायला नको.

आता नाक्यावरचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. बंदूकधारी पोरगा खोका उघडायला लावतो, वरिष्ठांना विचारून येतो, दोन तास जातात. पोलिओच्या कुपीवर उष्णतेने रंग बदलणारा छोटा चौकोन असतो. तो बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की लस फेकायची. नर्सला नुसत्या नजरेने कळते. कोव्हिडच्या बहुतेक लशींवर ही खूण नव्हती. मग तिने काय करायचे? टोचायची की ओतून द्यायची? ही खूण राखीव वाट्यातल्या प्रत्येक कुपीवर हवी. हट्ट धरण्यासारखी गोष्ट आहे, आणि त्या मानाने स्वस्त.

लसीकरणासाठी युद्ध थांबते, याचे दाखले आहेत. १९८५ मध्ये एल साल्वादोरमध्ये थांबले. १९९५ मध्ये सुदानमध्ये जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने जवळजवळ सहा महिने थांबले, मुख्यतः नारूच्या निर्मूलनासाठी, पण त्यात लसीकरणही झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये गाझात पोलिओसाठी रोज काही तास. सुरक्षा परिषदेचा २६ फेब्रुवारी २०२१ चा कोव्हिडच्या लसीकरणासाठी लढाया थांबवा म्हणणारा २५६५ क्रमांकाचा ठराव मात्र एकमताने होऊनही कागदावरच जास्त राहिला. एल साल्वादोर आणि गाझात प्रश्न लहान मुलांचा होता. दोन थेंब पाजायला शत्रूची हरकत कमी असते. महासाथीच्या लशीला प्रौढ येतात, त्यांत लढणाऱ्या वयाचे पुरुषही आले, आणि त्यांची नावे-गावे नोंदवही भरून लिहिली जातात. अशी वही विरोधी फौजेच्या हाती पडली तर ती लसीकरणाची वही राहत नाही. पाकिस्तानातल्या ॲबटाबादमध्ये अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने हिपॅटायटिस बीच्या बनावट मोहिमेआडून बिन लादेनचा ठावठिकाणा काढायचा प्रयत्न केला. २०११ मध्ये ते उघड झाल्यावर तिथल्या पोलिओ सेविकांना त्याची किंमत मोजावी लागली. त्यामुळे संघर्षाच्या भागात नावाऐवजी क्रमांकाचे कार्ड चालावे, दुसरा डोस त्यावरच मिळावा.

आपण इथिओपियाचे आरोग्यमंत्री होता, नंतर परराष्ट्रमंत्रीही. एका खात्याला लस मोजता येते आणि दुसऱ्याला रस्ता मागता येतो, हे दोन्ही खुर्च्यांत बसलेल्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून मागणी आपल्याकडेच. संघटनेला वाटा देणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने मानवतावादी डोसांपुरती हमीपत्राची अट आधीच, लेखी सोडावी. अपाय झालेल्या माणसाला सामायिक निधीतून भरपाई मिळावी. कोव्हॅक्सने गरीब देशांसाठी असा निधी चालवला होता, तेव्हा कल्पना नवी नाही. साथ पसरल्यावर कंपन्यांकडे रांग लागते, तेव्हा कोणीही अट सोडत नाही.

आणि सरकार नसलेल्या गटाशी रस्त्याची बोलणी करण्याचा अधिकार नेमका कोणाला, त्या पदाचे नाव जाहीर करावे. आज एखाद्या वैद्यकीय संस्थेने विचारले तर तिला कोणत्या टेबलावर पाठवायचे, एवढे जरी आपल्या कार्यालयाने लेखी कळवले तरी या पत्राचे काम झाले.

कळावे,
आपला,
एक नागरिक