क्लासवाल्यांनी माऊस जरा बाजूला ठेवावा

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पोरं कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट घेऊन पतसंस्थेत नाहीतर दुकानात हिशेबाला लागतात, पण एक्सेलमध्ये हजार ओळींच्या तळाला जायचं तर माऊसचं चाक फिरवत बसतात, बघून जीव कासावीस होतो. अहो, कंट्रोल दाबून खालचा बाण मारला की झालं! त्यात शिफ्ट पण धरला तर तिथपर्यंतचं सगळं सिलेक्ट होतं. फक्त मधे रिकामा सेल, म्हणजे आकडा लिहायचा चौकोन, असेल तर तिथंच अडकतं, म्हणून यादीत उगाच मोकळ्या ओळी सोडू नयेत. बेरजेला आकड्यांच्या खाली येऊन आल्ट आणि बरोबरचं चिन्ह (=), आजच्या तारखेला कंट्रोल आणि सेमीकोलन (;), ही तारीख उद्या आपोआप बदलत नाही, पावतीला तेच बरं.

पण सगळ्यात कामाचं म्हणजे कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं एफ४ (F4) बटण. व्याजाचा दर एकाच सेलमध्ये आहे आणि फॉर्म्युला सगळ्या खातेदारांसाठी खाली ओढला की दराचा सेल पण खाली सरकतो आणि व्याज चुकतं. फॉर्म्युला लिहितानाच त्या सेलच्या पत्त्यावर एफ४ दाबा, डॉलरची चिन्हं लागतात, मग तो जागचा हलत नाही. काही लॅपटॉपवर सोबत एफएन (Fn) बटण धरावं लागतं, हे कुणी सांगतच नाही.

मार्चअखेरीला रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या क्लार्क लोकांसाठी तुमच्या पेपरात आठवड्याला एक चौकट द्या की, राशिभविष्याच्या शेजारी चालेल.

— एक वाचक, शहापूर, बेळगाव