डेंटल हायजिनिस्ट सहकाऱ्यांना जाहीर आभारपत्र

प्रिय हायजिनिस्ट सहकाऱ्यांनो,

विकोपाला गेलेला पायोरिया आटोक्यात आला की पेशंटच्या तोंडी नाव असतं शस्त्रक्रियेचं, बोन ग्राफ्टचं (झिजलेल्या जागी हाड भरण्याचं), नाहीतर लेझरचं. हिरड्यांवर शस्त्रक्रिया करणारे आम्ही मात्र जाणतो, की फ्लॅप (कापून उचलायचा हिरडीचा भाग) कुठे उघडायचा आणि मुख्य म्हणजे कुठे उघडायचा नाही, हे तुमच्या मोजमापांच्या तक्त्यावरून ठरतं.

पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांमधली खोबण, किती खोल हे मोजायला प्रत्येक दाताभोवती सहा जागा, म्हणजे 28 दातांचे 168 आकडे; तेही प्रोबवर (मोजायच्या बारीक सळईवर) जेमतेम 25 ग्रॅम जोर ठेवून. जोर जास्त झाला तर टोक सुजलेल्या हिरडीत घुसतं आणि 5 मिमीचा पॉकेट 7 भरतो. कीटणाच्या कडेला अडलं तर 7 चा 4 होतो. गालाच्या आणि जिभेच्या बाजूचं झिजलेलं हाड एक्स-रेत दातामागे लपतं, ते या आकड्यांतूनच कळतं.

मुळांच्या सफाईबद्दल तर किती लिहावं! दाढेच्या पुढच्या बाजूला ग्रेसी 11/12 हे क्युरेट (मूळ खरवडायचं हत्यार), मागच्या बाजूला 13/14, दांडीचा खालचा भाग दाताला समांतर. पातं बोथट असलं तर कीटण निघत नाही, नुसतं घासून गुळगुळीत होतं. हाताला मूळ स्वच्छ लागतं आणि रक्त येतच राहतं. म्हणून काम थांबवून पात्याला धार लावणाऱ्यांचे विशेष आभार. दाढेच्या दोन मुळांमधली फट कित्येकदा क्युरेटच्या पात्याहून अरुंद असते. तिथे तुम्ही अल्ट्रासोनिकचं (कंपनांनी कीटण काढणाऱ्या यंत्राचं) बारीक टोक वापरता, आणि ते 2 मिमी झिजलं की बिनदिक्कत टाकून देता. (खरेदी विभाग कुरकुरतो. कुरकुरू दे.)

साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजताना पॉकेट 4 मिमीच्या आत आणि रक्त नाही, असं दिसलं की तिथली शस्त्रक्रिया टळते. 6 मिमी किंवा जास्त उरलेल्या जागांचाच पुढे विचार होतो. लेझर या सफाईची जागा घेऊ शकत नाही, हे पेशंटला न कंटाळता तुम्हीच समजावता.

हाड नव्याने भरून आणायचं, तर हाडातला खड्डा अरुंद आणि किमान 3 मिमी खोल हवा. तीन बाजूंनी हाडाची भिंत असेल तर उत्तम. हाड सपाट झिजलेलं असेल तर ग्राफ्ट टिकायला आधारच नसतो. हाड परत वाढायला मदत करणारं इनॅमल प्रथिनांचं जेल लावण्याआधी मुळावर 24% ईडीटीए (मूळ साफ करणारं रसायन) दोन मिनिटं ठेवून धुवायचं. मग मुळावर रक्त यायच्या आत जेल. एवढं करूनही तोंडात प्लाक (जंतूंचा चिकट थर) साचलेला असेल किंवा पेशंट सिगारेट ओढत असेल, तर जखम उसवते, ग्राफ्ट झाकणारं मेम्ब्रेन उघडं पडतं, जंतू शिरतात आणि ग्राफ्ट वाया जातो. शस्त्रक्रियेच्या आधी हे दोन्ही आटोक्यात आणण्याची चिकाटी तुमची. नंतरचे सहा महिने त्या जागी प्रोब न घालण्याचा संयमही तुमचाच.

सूज उतरली की हिरडी दातावरून मागे सरकते, दात लांब दिसतात, फटी उघडतात, गार पाणी झोंबतं. हे तुम्ही उपचाराआधीच सांगता. तेच नंतर आमच्याकडून ऐकलं तर पेशंटला सबब वाटते. एकाच तोंडात तीन फटींना तीन मापांचे इंटरडेंटल ब्रश लागतात, तार दाताला घासू द्यायची नाही, हे आरशासमोर करून दाखवायला लागणारा वेळ बिलात कुठेच दिसत नाही.

एक विनंती. दर तीन महिन्यांच्या तपासणीत एखादा पॉकेट 2 मिमीने वाढलेला दिसला, तर आधीचा आकडा शेजारी लिहून तक्ता त्याच दिवशी आमच्याकडे पाठवत चला.

आपले,
हिरड्यांवर शस्त्रक्रिया करणारे सहकारी