हर्णै बंदरावरच्या इंजिनवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बंदरावर सगळे तुम्हाला काका म्हणत होते, म्हणून मीही तेच म्हणालो. मोबाइलवर वाचायचा कंटाळा येतो असं तुम्ही बोलला होतात, तेव्हा घरातल्या कुणीतरी हे वाचून दाखवावं. मी तो चहापावडर आणि अगरबत्तीवाला. गेल्या बुधवारी मासळीच्या लिलावाच्या गडबडीत तुमच्या दाराशी गाडी उभी करून "चेनला जरा ऑइल मिळेल का?" असं विचारणारा.

ऑइल तुम्ही दिलं नाहीत. "आवाज ऑइलचा नाय," एवढंच म्हणालात आणि हातातला पाना खाली ठेवलात. त्या एका वाक्यात मला किती हलकं वाटलं, ते तुम्हाला कळायचं नाही. त्यासाठी आधीचे अडीच महिने सांगायला हवेत.

शृंगारतळीहून माझी माल पोचवायची लाइन सुरू होते. गुहागर, वेलदूर, धोपावे, मग फेरीबोटीने दाभोळ, पुढे दापोली आणि तुमचं हर्णै. शंभर सीसीची जुनी मोटरसायकल, दोन्ही बाजूंना पिशव्या, मागे खोका. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने मागच्या चाकाचे स्पोक खाल्ले, रिमला भोक पडायची पाळी आली, म्हणून आषाढात जुन्या बाजारातलं एक अलॉयचं चाक घेऊन बसवून घेतलं. वजन वाहायचं म्हणून मागचा टायर जरा रुंद घातला. त्या दिवसापासून गाडी हट्टी बैलासारखी एकीकडे ओढायला लागली आणि चेनमधून खर्र खर्र सुरू झालं.

ज्यांनी चाक बसवलं ते म्हणाले, लोड एका बाजूला होतोय. मी पिशव्या तराजूवर तोलून भरायला लागलो. बायको हसायची, की गिऱ्हाइकाला कधी इतकं काटेकोर मोजून दिलं नसशील. ओढ तशीच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने अर्धा तास खटपट केली, आवाज थोडा कमी झाला, ओढ मात्र वाढली. तो म्हणाला, टायर नवीन आहे, पाचशे किलोमीटरमध्ये बसेल. पाचशे झाले, हजार झाले. तिसऱ्याने कोनसेट, म्हणजे हँडलाखालचं बेअरिंग, गेलाय म्हणून निदान केलं, बदलला, पैसे घेतले. गाडी जशीच्या तशी. परत गेलो तर म्हणतो, रस्त्याला ढाळ असतो, गाडी डावीकडे जायचीच. यातली गंमत अशी, की रस्त्याला ढाळ खरंच असतो. अर्ध्या खऱ्या गोष्टीपुढे माणूस गप्प बसतो. आणि शेवटी, बाकावरच्या दोघांकडे बघत, "भास होतो हो असा कधी कधी. वय झालं ना!" मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे काका. पंचवीस वर्षं याच रस्त्यांवर गाडी चालवतोय.

पण खरं सांगतो, मला पटायला लागलं होतं. रात्री वाटायचं, भासच असेल. एकदा तर भल्या सकाळी गुहागरच्या ओल्या वाळूवर शंभर पावलं गाडी चालवून उमटलेल्या खुणा बघत बसलो, पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत पडतंय का म्हणून. काही कळलं नाही. मागचा टायर रुंद, तो पुढच्याची खूण पुसूनच टाकत होता. फिरायला आलेली एक आजी विचारून गेली, काही हरवलंय का?

तर बुधवार. तुम्ही गाडी मेन स्टँडवर लावायला सांगितलीत, पुढे-मागे एकेक चिरा ठेवलात, जाळ्याच्या दुकानातला तंगूसाचा दोरा मागच्या टायरला वेढून दोन्ही बाजूंनी पुढे ताणलात. होडीच्या इंजिनाचा शाफ्ट बसवताना असंच बघावं लागतं, इंजिन आणि शाफ्ट एका ओळीत नसले तर होडी थरथरते आणि पाणी आत येतं, असं काहीतरी तुम्ही दोरा ओढता ओढता सांगत होतात. माझं अर्धं लक्ष होतं. मला वाटत होतं, आता हेही वाकून बघतील, मान हलवतील आणि चौथं निदान सांगतील.

तुम्ही आत गेलात आणि एक गोणपाट घेऊन आलात. झटकलंत, चार घड्या घातल्यात आणि पुढच्या चाकापाशी टाकलंत. मला वाटलं, तुमच्या गुडघ्यांसाठी. तुम्ही बाजूला सरकलात. शर्टाच्या टोकाला पुसून स्टीलची फूटपट्टी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तुम्हीच मोजा. मी सांगितला तर परत कुणाचा तरी ऐकलात असा व्हायचा."

मी गुडघे टेकून बसलो. ते गोणपाट ओलसर होतं, त्याला डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास येत होता. काका, अडीच महिन्यांत तीन गॅरेजांत मी उभा राहिलो. कुणी मला बसून बघायला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाने लांब उभं राहायचं, हो म्हणायचं, पाकीट काढायचं. तुम्ही गोणपाट आणायला आत गेलात तेव्हाच ठरवलं असणार, की बघायचं या माणसाने.

आणि दिसलं. पुढच्या टायरच्या एका कडेला दोरा चिकटलेला, दुसऱ्या कडेला फट, आणि ती फटही टायरच्या पुढच्या टोकाशी वेगळी, मागच्या टोकाशी वेगळी. चाक सरळ नव्हतं. भास नव्हता! मी तसाच ओरडलो असेन, कारण लिलावातल्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

तुम्ही हसला नाहीत. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या खुणांकडे न बघता दोन्ही बाजूंनी चिमट्याच्या बोल्टापासून एक्सलपर्यंत मापून चाक सरळ केलंत आणि पट्टी पुन्हा माझ्याच हातात. आता दोन्ही दोरे पुढच्या टायरला समांतर होते, पण डावीकडे सात मिलिमीटर, उजवीकडे जेमतेम एक. तेव्हा तुम्ही म्हणालात ते वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं आहे: "चाक आधी सरकलाय, मग कुणीतरी वाकडा केलाय."

चाक उतरवल्यावर एक्सलवरचे दोन बुश, म्हणजे चाकाच्या दोन बाजूंच्या छोट्या नळ्या, तुम्ही माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवलेत. एक लांब, एक आखूड, फरक तीन मिलिमीटरचा. डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे. पहिल्याने ते उलटे घातले, त्यामुळे चाक स्प्रॉकेटसकट, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रासकट, बाहेर सरकलं आणि चेन तिरकी ओढायला लागली. दुसऱ्याने आवाज दाबायला चाकच तिरकं केलं. तिसऱ्याने बिचाऱ्या कोनसेटचा बळी घेतला. झाकलेल्या चेनचं कव्हर उघडून बघायची तसदी तिघांपैकी एकाने घेतली नाही. तुम्ही उघडलंत तेव्हा मागच्या स्प्रॉकेटचे दात एकाच बाजूने घासून चकचकीत झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

चूक कुणाचीही होते, बुश उलटे पडू शकतात. माझ्याकडूनही गुहागरची ऑर्डर दापोलीला गेली आहे. राग त्याचा नाही. माझ्या गाडीबद्दल मीच खोटं बोलतोय असं मला वाटायला लावलं, त्याचा आहे.

तुमच्या दारासमोरच मासळी विकायला बसलेल्या एक मावशी होत्या, तुम्हाला माहीत असतील. कुणी न विचारताही सुरमईचा कल्ला उघडून लाल आहे हे दाखवायच्या आणि मगच भाव सांगायच्या. चाक परत चढेपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत होतो. फेरीबोटीवर एक खलाशी आहे, गाडी लावून घेतल्यावर हलवून दाखवतो, "बघा, हलत नाय." आमच्या पोस्टात एक बाई पासबुकावरची रक्कम आधी आपल्याला वाचायला लावतात, मग शिक्का मारतात. अशी माणसं थोडी वेळखाऊ असतात. मला आता त्यांच्याच रांगेत उभं राहावंसं वाटतं.

पैशांचंही सांगायला हवं. मी घाबरत घाबरत विचारलं, तर तुम्ही सरळ दोनशे म्हणालात आणि मोजून घेतलेत. बरं वाटलं. फुकट केलं असतंत, तर परत यायला मला संकोच वाटला असता. शेवटी दोऱ्याने पुन्हा मापलं. डावीकडे चार, उजवीकडे चार. तेही तुम्ही मलाच मोजायला लावलंत आणि मी दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा गरज नव्हती, नुसतं सुख म्हणून.

परतीची शेवटची फेरीबोट पकडायची होती, म्हणून नीट निरोपही घेतला नाही. उंबर्ल्यापुढच्या उतारावर क्षणभर हँडल सैल धरलं, गाडी सुतासारखी सरळ. डोळ्यांत पाणी आलं. वारा होता म्हणा हवं तर.

उरलेला तंगूस तुम्ही माझ्या पिशवीत टाकलात, तो साखरेच्या डब्यात ठेवला आहे. काल घरी अंगणात गाडी लावून, दोन चिरे मांडून मुलीला मोजायला बसवली. चार आणि चार. तिने विचारलं, "बाबा, तुम्ही का नाही मोजत?"

स्प्रॉकेट मात्र बदलावाच लागेल, तुम्ही म्हणाला होतात. चेनसेट चिपळूणहून घेतला आहे. येत्या बुधवारी लिलावाच्या जरा आधी येतो. वेळ नसेल तर थांबेन. तुमचं ते गोणपाट अगदी भिजकं झालं होतं, मी येताना कोरडं घेऊन येतो.

तुमचा,
चहापावडरवाला, शृंगारतळी