पानमळ्यातल्या मामांना जाहीर धन्यवाद

मामा, सादर नमस्कार.

तुमच्या 'अळूच्या परदेशी बहिणी'ला नवं पान सुटलं आणि काठ न करपता पूर्ण उघडलं. नांदेडात, मे महिन्यात! फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि विषय केळीच्या भावाकडे नेता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते. आपल्या उन्हाळ्यात असली झाडं जगवू बघणारे आणखीही आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

झाडाचं नाव अँथुरियम वॉरोक्विएनम. मूळ कोलंबियातलं. तिथल्या पावसाळी जंगलात मोठ्या झाडांच्या खोडांना धरून वाढतं आणि लोंबणारी पानं मीटरभराहून लांब होतात. गडद हिरवी मखमल, तीवर फिकट शिरा. लग्नाच्या स्टेजवरची लाल, चकचकीत अँथुरियमची फुलं सगळ्यांनी पाहिलेली असतात, ही त्याच कुळातली, पण फार नाजूक. हवेत 70-80 टक्के ओलावा हवा आणि तापमान 25 अंशांच्या आसपास. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा 40 ओलांडतो आणि दुपारची हवा पापडासारखी कोरडी. मिळेल तो सल्ला काचेच्या कपाटाचा आणि विजेवर वाफ सोडणाऱ्या यंत्राचा होता. वीज दुपारी जाते, हे सल्ला देणाऱ्यांना कोण सांगणार?

तुम्ही बाबांकडे कामाला आला होतात. झाड बघून पहिला प्रश्न विचारलात, "ह्याचं पान खात्यात का?" खात नाहीत मामा. अळूसारखेच सुईसारखे स्फटिक असतात, जीभ खाजून सुजेल. तुम्ही हसलात, खिडकीकडे बघितलंत आणि म्हणालात, "ह्याला ऊन नाही मारायलं, वारं मारायलंय."

माझा सगळा जीव तापमानात अडकला होता आणि तुम्ही पश्चिमेच्या खिडकीकडे बोट दाखवलंत. नंतर त्याचा मेळ लागला. या जातीचं नवं पान तांबूस आणि लुसलुशीत निघतं, टणक व्हायला बरेच दिवस घेतं. तेवढ्यात झळ लागली की मुळं पाणी पोचवतील त्याच्या आधीच काठ सुकतो. पान पुढे वाढत राहतं, सुकलेला काठ ताणला जात नाही आणि पान फाटतं.

मग तुम्ही अर्धापूरकडचा तुमचा पानमळा दाखवलात. बांधावर चपला काढून आत शिरलो, आणि बाहेरच्या हवेशी त्या हवेचं काही नातंच नव्हतं! पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरीची दाट भिंत, वर हादग्याची विरळ सावली, खाली ओली माती, पण पाणी कुठेही तुंबलेलं नाही. नागवेलही मुळात दमट जंगलातलीच. तिला या कोरड्या मुलखात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वीज नसताना जगवलंय. मला दुसऱ्या देशातली माहिती मिळाली आणि शेजारच्या तालुक्यातली नाही, याचं आजही नवल वाटतं.

मग घरी तसंच केलं. झाड उत्तरेच्या पडवीत हलवलं. पश्चिमेला तुम्ही दिलेल्या शेवरीच्या काठ्यांवर गोणपाट ताणलं, ते दुपारी ओलं ठेवते. वर शेडनेट. कुंडीखाली विटांच्या तुकड्यांचं पाणी भरलेलं ताट, पण कुंडीचा तळ पाण्याच्या वर. कूलरचा थेट झोत अजिबात नाही. तुम्ही म्हणालात, "मुळाला पाणी नको, गारवा पाहिजे," आणि झाडावर राहणाऱ्या वनस्पतीला हे तंतोतंत लागू पडतं, तिच्या मुळांना हवा हवी. म्हणून माती नाहीच. तुम्ही पाठवलेल्या पोत्यातल्या नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, लाकडी कोळसा आणि थोडी झाडाची साल, एवढंच. बोअरचं जड पाणी बंद केलं. मखमलीवर त्याचे पांढरे डाग बसतात आणि पुसायला गेलं की पान खराब होतं. आता पावसाचं पाणी टाकीत साठवते.

एक मात्र तुमचं ऐकलं नाही, पेंडीचं. पानवेलीला पेंड मानवत असेल, पण इथे ती शेंड्यांत कुजली तर मुळं जातील. मी पातळ केलेलं द्रवखत अगदी थोडं देते. रागावू नका.

आता फुलाचा दांडा आलाय. याच्यात आधी मादीची अवस्था येते, दांड्याच्या कणसासारख्या टोकावर चिकट थेंब दिसतात, आणि ती सरल्यावर पराग सुटतो. त्यामुळे एकट्या दांड्याला स्वतःचं बी सहसा धरत नाही. पराग कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या झाडाला दांडा येईपर्यंत थांबायचं. कुणाकडे ही जात असेल तर जरूर कळवा. बी धरलं तर लगेच पेरावं लागतं, ते फार दिवस टिकत नाही.

मामा, तुम्ही पैसे घेतले नाहीत. शेंड्यांचे नाहीत, काठ्यांचेही नाहीत, वर मामींनी पानांची जुडी हातात दिली. त्याबद्दल दोघांचेही मनापासून आभार.

आणि हो, शेवरीच्या काठ्या यंदा खालून कुजल्यात. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येते. वेली उतरवायची गडबड असेल तर तसं सांगा, मग नंतर येईन.

तुमची भाची
नांदेड